मुंबई ते रेडी: सायकल, कॅरव्हॅन आणि दोघांचा किनारा (प्रकल्प नोंदी)

२२ सप्टेंबर २०२४, मुलुंड

गणेशोत्सव आटोपला आणि बरेच दिवस बोलण्यात असलेला विषय आज कागदावर आला. मुंबईहून कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे निघून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत सायकलने जायचे, आणि झोपण्याची, स्वयंपाकाची व दुरुस्तीची सोय असलेली कॅरव्हॅन सोबत न्यायची, असे आम्ही पती-पत्नींनी ठरवले आहे. आम्ही दोघेही सायकल चालवतो आणि दोघांनाही गाडी चालवता येते. एकाने कायम सायकलवर आणि दुसऱ्याने कायम स्टिअरिंगवर राहायचे, अशी विभागणी पहिल्याच बैठकीत आम्ही बाद केली. संपूर्ण किनारा आम्हा दोघांच्या मिळून चाकांखालून जावा, एवढीच अट ठेवली.

रस्ता निवडताना फारसा विचार करावा लागला नाही. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग, म्हणजे प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४, याची कल्पना ए. आर. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडली गेली. आजही तो मोठ्या खाड्यांपाशी तुटतो आणि फेरीबोटीने जोडला जातो. मुंबई-गोवा महामार्गाच्या तुलनेत येथे अवजड वाहतूक फारच कमी असते. अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक भरेल, पण अंतरापेक्षा चढ महत्त्वाचे आहेत, कारण प्रत्येक खाडीनंतर रस्ता समुद्रसपाटीवरून थेट जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली उतरतो.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवण्याचे कारण वारा हे आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर खारे वारे सुरू होतात. किनाऱ्यावर या खाऱ्या वाऱ्यांचा रोख बहुधा वायव्येकडून असतो, त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्या सायकलस्वाराला थकलेल्या प्रहरी पाठीमागून थोडा तरी आधार मिळतो. जानेवारीचा उत्तरार्ध निश्चित केला.

६ ऑक्टोबर २०२४

गाडी ठरली. जुनी, परंतु मान्यताप्राप्त उत्पादकाने बांधलेली, आणि नोंदणी पुस्तकात मोटर कॅरव्हॅन अशी स्पष्ट नोंद असलेलीच गाडी घ्यायची, हा आग्रह मी शेवटपर्यंत सोडला नाही. साधी प्रवासी गाडी घेऊन तिच्यात आपल्या मनाप्रमाणे पलंग, ओटा आणि टाक्या बसवण्याचा मार्ग पुष्कळ लोक सुचवतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मात्र उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलण्यावर निर्बंध आहेत, आणि कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येथेच अडतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या प्रकारच्या गाड्यांविषयी कार्यालयांत आणि रिसॉर्टमध्ये किमान ओळख तरी निर्माण झाली आहे.

लांबी ५.९ मीटर, आणि छतावरच्या सोलर पॅनेलसह उंची २.९ मीटर. या उंचीमुळे ती आमच्या इमारतीच्या स्टिल्टखाली जात नाही. सोसायटीच्या समितीने मागच्या बाजूची मोकळी जागा प्रवासापर्यंत वापरण्यास लेखी परवानगी दिली, याबद्दल समितीचे मनापासून आभार. मुंबईत अशी गाडी घेऊ इच्छिणाऱ्याने किमतीच्या आधी उभे करण्याच्या जागेचा विचार करावा. उंची लाल अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवली आहे, कारण शहरातील भुयारी मार्गांपाशी असलेल्या उंचीरोधक कमानी आणि कोकणातील वाड्यांमधून लोंबणाऱ्या वायरी या दोन्हींसाठी तो आकडा डोळ्यांसमोर हवा.

१५ ऑक्टोबर २०२४

१९२३ मध्ये आजच्याच तारखेला मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. त्यांच्यामागे कोणतीही गाडी नव्हती. आमच्या योजनेची त्यांच्याशी बरोबरी करण्याचा विचारही मनात येत नाही, परंतु आपल्या शहरातील ही परंपरा ठाऊक असावी म्हणून येथे नोंदवून ठेवते.

गाडीची साथ घेऊन केलेल्या सायकलिंगचा वेगळा अभ्यास करायला हवा होता, आणि तो आम्ही अमेरिकेतील रेस अॅक्रॉस अमेरिका या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीच्या पद्धतीवरून केला. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात पूर्ण केली, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. तेथे रात्रीच्या वेळी गाडी स्वाराच्या अगदी मागे राहते आणि दिवसा काही ठिकाणी पुढे जाऊन थांबते. आम्ही रात्री सायकल चालवणारच नाही, त्यामुळे दुसरीच पद्धत घेतली. कोकणातील दुपदरी रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरने चालणारी रुंद गाडी सायकलच्या मागे ठेवली, तर एसटी बसला वळणावर तिला ओलांडावे लागेल, आणि स्वाराच्या संरक्षणासाठी म्हणून नेलेली गाडीच धोक्याचे कारण ठरेल. गाडी पुढे जाईल, ठरलेल्या ठिकाणी थांबेल आणि स्वार तेथे पोहोचला की पुढच्या ठिकाणी निघेल, हे पक्के झाले.

१० नोव्हेंबर २०२४

विजेचा हिशेब पूर्ण झाला. घरगुती वापराची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे सुमारे १,२८० वॉट-तासांचा साठा. चाळीस लिटरचा फ्रिज ४५ वॉटचा असून उन्हाळी हवेत तो निम्मा वेळ चालेल असे धरले, तर दिवसाला ५४० वॉट-तास लागतील. छतावरचा पंखा रात्रभर चालला तर १६०, आणि दिवे, फोन व सायकलचे दिवे मिळून सुमारे शंभर. दिवसाची गरज आठशेच्या घरात जाते.

छतावरचे २०० वॉटचे पॅनेल उघड्या उन्हात जवळजवळ तेवढी वीज देऊ शकेल. अडचण अशी की, भेटीच्या ठिकाणी तासभर वाट पाहणाऱ्या चालकाला सावली लागते आणि पॅनेलला ऊन. माणसाला उन्हात तापवून बॅटरी भरायची नाही, हे तत्त्व म्हणून ठरवले. त्याऐवजी इंजिन चालू असताना घरगुती बॅटरी भरणारा २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवून घेतला. दिवसाचे सत्तर किलोमीटर गाडी ताशी पस्तीसच्या वेगाने चालली, तरी दोन तासांत पाचशे वॉट-तासांहून अधिक वीज जमा होते, आणि उरलेली गरज सावलीतून मिळणाऱ्या तुटपुंज्या उन्हावरही भागते. दुपारी आंब्याखाली निर्धास्तपणे गाडी लावता यावी, यासाठीच हा खर्च आहे.

पाण्याची टाकी ७० लिटरची आहे. आंघोळ बाहेर करायची ठरवल्यास ती दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. सांडपाण्याची टाकी मागच्या चाकांच्या पलीकडे, गाडीच्या पोटाखाली आहे, आणि तिच्याविषयी पुढे लिहावे लागणार आहे.

गॅसचा छोटा सिलिंडर स्वतंत्र कप्प्यात आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साठतो, म्हणून त्या कप्प्याच्या तळालाच बाहेर उघडणारी जाळी आहे. ती सामानाने झाकली जाऊ नये यासाठी तेथे लाकडी पट्टी ठोकली. फेरीबोटीवर चढण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करणे हे चालकाचे काम राहील.

२४ नोव्हेंबर २०२४

आजची नोंद लांबणार आहे, कारण संपूर्ण प्रवासातील सर्वात अवघड तांत्रिक प्रश्न जेटीच्या उताराचा आहे.

मार्गावर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला नेणाऱ्या, वाहनेही चढवून घेणाऱ्या रो-रो बोटीखेरीज राजपुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड या चार खाड्या फेरीबोटीने पार करायच्या आहेत: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळच्या खाडीला वळसा घालून रस्त्याने गुहागर गाठायचे तर खेड-चिपळूणमार्गे शंभर किलोमीटरांहून अधिक फिरावे लागते, तेव्हा फेरीबोट टाळणे हा पर्यायच नाही. बोट उतरत्या जेटीला भिडते, तिचा लोखंडी फाळका उतारावर टेकतो आणि गाडी त्यावरून आत जाते. फाळका आणि जेटी जेथे भेटतात तेथे कोन तयार होतो. मोटारगाडीला तो जाणवत नाही, परंतु मागच्या चाकांपलीकडे लांब शरीर असलेल्या गाडीचे शेपूट तेथे घासते.

आमच्या गाडीत मागच्या चाकापासून शेवटच्या टोकापर्यंत १.६ मीटर अंतर आहे आणि त्या टोकाला सांडपाण्याची टाकी जमिनीपासून ३२ सेंटीमीटरवर लटकते. हे गुणोत्तर एकास पाच भरते, म्हणजे सुमारे ११ अंशांपेक्षा तीव्र कोन आला की टाकी टेकणार. मागे सायकलींचा रॅक लावण्याचा पतींचा बेत याच आकड्यापुढे गळून पडला, कारण रॅकमुळे शेपूट आणखी लांबले असते आणि नंबरप्लेट व मागचे दिवेही झाकले गेले असते. त्याऐवजी पलंगाची उंची वाढवून त्याखाली सायकली पुढचे चाक काढून उभ्या करण्याची जागा केली. लाकडी फळीवर फोर्क अडकवण्याचे दोन क्लॅम्प बसवले. प्रवासात एकच सायकल गाडीत असेल, दोन्ही फक्त रात्री.

उरला प्रश्न भरती-ओहोटीचा. पाणी जितके खाली जाते, तितका जेटीचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि बोट तेथे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरांच्याही पुढे जातो, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत तो दोन मीटरांच्या आतबाहेर राहतो. दक्षिणेकडे हा फरक आणखी कमी होत जातो. म्हणून पंचांग काढून बसलो. किनाऱ्यावरील लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. भरतीची अचूक वेळ छापील कोष्टकातून घ्यावी हे खरे, तथापि जेटीवर उभे राहून पुढील दोन दिवसांचा अंदाज बांधायला ही रीत फार उपयोगी आहे.

पौष वद्य अष्टमी २२ जानेवारीला येते. उत्तरेकडील मोठ्या फरकाच्या खाड्या त्या दिवसाच्या आधी दोन-तीन दिवसांत आणि शेवटची खाडी त्यानंतर लगेच पार होईल, अशा बेताने प्रस्थान १८ जानेवारीला ठेवले. सुट्ट्या नंतर जुळवल्या.

१५ डिसेंबर २०२४

भाईंदर ते उत्तन आणि गोराई या रस्त्यावर रंगीत तालीम केली. सकाळी पतींनी सायकल चालवली आणि मी गाडी. परतताना अदलाबदल केली.

सायकलस्वाराचा दिवस सोपा असतो, असे मी येथे पूर्ण जबाबदारीने लिहिते. त्याला पुढचा रस्ता दिसतो, शरीर काय मागते ते कळते आणि थांबावेसे वाटले तर थांबता येते. गाडी चालवणाऱ्याला मात्र अरुंद रस्त्यावर जागा शोधणे, गाडी वळवणे, पाणी भरणे, खाणे तयार ठेवणे, घड्याळ पाहणे आणि काळजी करणे ही सगळी कामे एकट्याने करावी लागतात. दमलेला चालक दमलेल्या स्वारापेक्षा अधिक धोकादायक असतो. त्यामुळे प्रवास सायकलचा असला, तरी आखणी चालकाच्या दिवसाभोवती करायची, या निष्कर्षावर आम्ही दोघेही आलो.

त्यातून काही नियम निघाले. भेटीची ठिकाणे पंधरा ते वीस किलोमीटरांवर असतील, आणि ती निवडताना गाडी न वळवता सरळ बाहेर पडता येईल अशी जागाच घेतली जाईल: पेट्रोल पंप, एसटी स्थानकाजवळचे मैदान, देवळाबाहेरचे पटांगण. गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून जाणाऱ्या वाड्यांच्या रस्त्यात गाडी नेली जाणार नाही, तेथे सायकल एकटी जाईल. खाडीच्या खोऱ्यांत फोनला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे फोनवर चालत्या ठिकाणाचा माग ठेवण्यावर विसंबायचे नाही. प्रत्येक टप्प्याची वेळ आधी ठरवायची, ती उलटून अर्धा तास झाला की गाडी त्याच रस्त्याने मागे फिरेल, आणि स्वाराने कोणत्याही कारणाने ठरलेला रस्ता सोडायचा नाही.

सर्वात महत्त्वाचा नियम अदलाबदलीचा. तालमीनंतर घरी परतताना पतींनी विचारले, "अगं, फेरीबोटीवर आपण दोघे तसेही एकत्रच असणार, मग तिथेच का बदलू नये?" ही सूचना मला इतकी योग्य वाटली की आधीचे सगळे वेळापत्रक बाजूला ठेवले. खाडी आली की किल्ली आणि हेल्मेट यांची अदलाबदल होईल. बोटीवर दोघांनाही निवांत बसायला मिळते, मागच्या टप्प्याची माहिती देता येते आणि पलीकडच्या चढाला ताजे पाय मिळतात.

५ जानेवारी २०२५

दोन्ही सायकलींचे पुढचे दातेरी चक्र बदलून घेतले. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असताना ताशी सहा किलोमीटरने चढताना पाय मिनिटाला जेमतेम ४६ फेरे मारतात, आणि गुडघ्यांवर ताण येतो. पुढे ३० दाते केल्यावर तेच फेरे ५२-५३ होतात. दहा टक्के चढावर सायकलसह ऐंशी किलो वजन या वेगाने न्यायला सुमारे १३० वॉट शक्ती लागते. आमच्या वयाला ती काही वेळ झेपते, तासभर नव्हे, म्हणून सड्यावर पोहोचताच भेटीचे ठिकाण ठेवले आहे. टायर ३२ मिलिमीटरचे आहेत.

खाण्याची तयारी: दशम्या, शेंगदाणा-गुळाचे लाडू, खजूर, भाजलेले पोहे. पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची तयार पुडी, ज्यात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. दुपारी मीठ घातलेले कोकम सरबत. फ्रिजमध्ये दही-भात सदैव असेल.

१८ जानेवारी २०२५, मुरूड

पहाटे मुलुंडहून भाऊच्या धक्क्यापर्यंत मी सायकलने आले. उद्या मुंबई मॅरेथॉन असल्याने आजच शहर सोडणे सोयीचे होते. गाडी न्हावा-शेवाच्या बाजूने न्यायची असती तर अटल सेतू हा जवळचा मार्ग होता, परंतु २१.८ किलोमीटरच्या या सेतूवर सायकलला परवानगी नाही. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली मांडव्याची रो-रो बोट गाडी आणि सायकल दोन्ही नेते, तासाभरात पलीकडे पोहोचवते, आणि प्रवास खऱ्या अर्थाने मुंबईतूनच सुरू झाल्याचे समाधान देते. बोटीवर पहिली अदलाबदल झाली आणि मांडव्यापासून पती सायकलवर गेले.

अलिबागनंतर, रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर कोर्लई ते काशीद हा भाग अतिशय सुंदर आहे, आणि शनिवार असल्यामुळे तितकाच गजबजलेला होता. काशीदला थांबण्याचा बेत सोडून भेटीचे ठिकाण पुढे नेले. ही सूचना पतींना रेवदंड्यातच दिली होती.

१९ जानेवारी २०२५, हरिहरेश्वर

सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तोवर निघायचे नाही हे पाळले. पंचमीची ओहोटी दहाच्या आसपास होती, म्हणून आगरदांड्याला घाईने न जाता पाणी चढू लागल्यावर, दुपारी बाराच्या बोटीने खाडी पार केली. फाळक्यावर चढताना पती गाडीच्या मागे उभे राहून टाकीकडे पाहत होते. अंतर राहिले, टाकी टेकली नाही. त्याआधी सांडपाणी मुरूडला रिकामे केल्यामुळे मागचे वजन कमी होते, आणि गाडीचे शेपूट त्यामुळे थोडे वर राहते हे दोन्ही वेळा मोजून नोंदवले आहे.

दिघीपासून सायकल माझी होती. दिवेआगर ते श्रीवर्धन हा समुद्राला लागून जाणारा रस्ता मी सावकाश चालवला. वायव्येचा वारा तीननंतर सुरू झाला आणि श्रीवर्धनच्या पुढच्या चढावर त्याचा उपयोग झाला.

२१ जानेवारी २०२५, गुहागर

बाणकोट आणि दाभोळ या दोन्ही खाड्या पार झाल्या. बागमांडल्याला काल सकाळी लवकर गेलो, उतरते पाणी अजून मध्यावर होते. वेशवी ते केळशी, आंजर्ले आणि हर्णै हा टप्पा नोंदीत वेगळा ठेवला पाहिजे, कारण या संपूर्ण मार्गावर चालकाची सर्वाधिक परीक्षा येथे होते. रस्ता माडांच्या वाड्यांमधून, जांभ्याच्या गडग्यांना खेटून जातो, आणि समोरून एसटी आली तर कोणी तरी मागे जाणे भाग असते. एसटीच्या चालकांनी प्रत्येक वेळी आधी थांबून, हाताने खूण करून मला जागा दिली. गाडीचे बाजूचे आरसे दुमडून एका ठिकाणी पुढे सरकावे लागले. पती सायकलवर असल्याने ते पुढे जाऊन वळणापलीकडे पाहत व शिट्टीने कळवत. सायकल येथे गाडीची साथीदार झाली.

दाभोळला बोटीवर चढताना फाळक्याचा कोन आतापर्यंतच्या सर्व जेटींपेक्षा सौम्य वाटला. धोपाव्यानंतर सायकल माझ्याकडे आली. उद्या अष्टमी आणि विश्रांती. कपडे धुणे, चेन साफ करणे, मागच्या ब्रेकचे पॅड बदलणे. उतारांमुळे ते अपेक्षेपेक्षा लवकर झिजले आहेत.

२३ जानेवारी २०२५, गणपतीपुळे

हेदवी, तवसाळ, बोट, जयगड, मालगुंड. शेवटची फेरीबोट सुखरूप पार पडली. बॅटरी आतापर्यंत एकदाही चाळीस टक्क्यांखाली गेलेली नाही, तीही बहुतेक वेळ गाडी सावलीत लावून.

२६ जानेवारी २०२५, कुणकेश्वर

जयगडच्या दक्षिणेला खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे अदलाबदलीची आमची नैसर्गिक जागा नाहीशी झाली. पहिल्या दिवशी आरे-वारे, रत्नागिरी आणि भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत मीच सायकल चालवत राहिले, कारण थांबावे असे ठिकाणच आले नाही, आणि पती दिवसभर गाडीत राहिले. संध्याकाळी ते मोजकेच बोलत होते. पूल आले तरी खाडी ही खाडीच मानायची, आणि प्रत्येक मोठ्या पुलाच्या अलीकडे थांबून बदलायचे, असे त्या रात्री ठरवले. पूर्णगड, जैतापूर आणि पुढे देवगडपर्यंत हे पाळले, आणि दोघांचेही दिवस पुन्हा समतोल झाले. या मार्गावरील फेरीबोटींच्या जागीही पुढेमागे पूल होतील. तेव्हा जाणाऱ्या जोडप्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

आज प्रजासत्ताक दिन. सकाळी वाटेतील शाळांच्या प्रभातफेऱ्या रस्त्यावर होत्या. पतींनी प्रत्येक ठिकाणी सायकलवरून उतरून त्यांना जाऊ दिले, आणि भेटीच्या वेळा त्या हिशेबाने मी वीस मिनिटे पुढे ढकलल्या होत्या.

२८ जानेवारी २०२५, रेडी

मालवण आणि वेंगुर्ला मागे टाकून दुपारी शिरोड्याला पोहोचलो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे हे गाव इतिहासात आहे. गाडी तेथे एका पटांगणात, मालकाला विचारून, कुलूप लावून ठेवली. शिरोडा ते रेडी हा शेवटचा टप्पा दोघांनी एकत्र सायकलवर केला. प्रवासात दोघांनी बरोबरीने सायकल चालवलेला हा एकमेव भाग आहे, आणि तो शक्य होण्यासाठी गाडी मागे ठेवून तिला आणायला परत सायकलनेच जावे लागते, हे गृहीत धरूनच वेळ राखून ठेवला होता. रेडीच्या गणपतीचे दर्शन घेऊन अंधार पडण्यापूर्वी शिरोड्याला परतलो.

२ फेब्रुवारी २०२५, मुलुंड

परतीचा प्रवास दोन्ही सायकली पलंगाखाली ठेवून, महामार्गाने केला. गाडी धुऊन, खाऱ्या हवेमुळे पोटाखालच्या बोल्टांवर धरलेला गंज घासून ग्रीस लावले. चेन दोन्ही सायकलींच्या बदलणार आहोत.

पुढील टप्प्याची आखणी रेडीहून गोव्याच्या किनाऱ्याने कारवारपर्यंत करायची आहे. त्याआधी गाडीत एकच बदल होईल: सांडपाण्याची टाकी मागच्या चाकांच्या पुढे घेता येईल का, हे मूळ उत्पादकाकडून लेखी विचारून घ्यायचे, आणि उत्तर होकारार्थी आले तरच परिवहन कार्यालयाच्या मान्यतेने ते काम करायचे. तेरेखोलची फेरीबोट आणि तिच्या जेटीचा उतार पाहून येण्याचे काम पतींनी आपल्याकडे घेतले आहे.